सोळावा रकाना

कवडूजी लांजेवारांबद्दल मी आजवर एकदाही पूर्ण खरं बोललो नाही. बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विषय काढला की मी म्हणायचो, "माणूस चांगला, पण कामात एक मोठी चूक करून बसला." माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात एका तरुण अधिकाऱ्यानं त्या पहिल्या सर्वेक्षणाबद्दल मुद्दाम विचारलं. मी जीपची गोष्ट सांगितली, चिखलात अडकलेल्या बुटाची सांगितली, लोक हसले. कवडूजींचं नाव मी घेतलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "ते लांजेवार कसे नाही आठवले तुम्हाला?" मी म्हणालो, राहून गेलं.

राहून गेलं नव्हतं. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. जे आहे ते लिहून ठेवतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात, सिहोऱ्याच्या बाजूला, आमच्या बँकेची नवी शाखा उघडायची होती. तोपर्यंत खेड्यांची माहिती गोळा करण्याची पद्धत म्हणजे पाटलाच्या ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि पाटील सांगेल ते लिहायचं. पाटलाला ज्यांची घरं माहीत नसत किंवा सांगायची नसत, ती घरं कागदावर येत नसत. कागदावर नाहीत म्हणून त्यांना कर्ज नाही, खातं नाही. हे बदलायचं ठरलं. घरोघर जायचं, पुरुषांचा वेगळा फॉर्म, बायकांचा वेगळा फॉर्म, प्रत्येक फॉर्मचं मुंबईला एक भोकं पाडलेलं कार्ड होणार आणि कॉम्प्युटर सांगणार की कुठल्या घराला काय हवं आहे. मी एकोणतीस वर्षांचा कृषी अधिकारी होतो. मुंबईला तीन आठवडे प्रशिक्षण घेऊन आलो होतो आणि त्या कार्डांवर माझी श्रद्धा बसली होती.

घरोघर फिरायला रोजंदारीवर सहा माणसं घेतली. त्यांतले कवडूजी सगळ्यांत वयस्क. पूर्वी ते हिवतापाच्या फवारणीवर होते. पंप पाठीला लावून गावोगाव जायचे आणि फवारणी झाली की दारावर गेरूनं तारीख लिहायचे. ते काम सुटलं, पण खाकी पँट आणि दारं वाचायची सवय राहिली. कुठल्याही घरासमोर आले की आधी चौकटीकडे बघत. एखाद्या दारावर त्यांच्याच अक्षरातली पुसट तारीख दिसली की ओळखीचं कोणी भेटल्यासारखे हसत.

रोजीचं बोलणं झालं तेव्हा मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "घासाघीस नाही करत जी. माझी किंमत मायनं पयलेच ठरवली हाये."

मला कळलं नाही. शेजारी उभा असलेला माणूस हसत म्हणाला, "याच्या आंगोदरचे तीन पोरं गेले ना साहेब, म्हनून याले मायनं शेजारनीले कवडीले इकला अन् वापस घेतला. म्हनून कवडू."

"अन् शेजारीन आजूनही म्हन्ते, कवडी वापस दे," कवडूजी म्हणाले.

शाखेच्या मॅनेजरांनी त्यांना एक शब्द दिला होता. सर्वेक्षण नीट पार पडलं तर नव्या शाखेत कायम शिपायाची जागा. कवडूजींचं वय त्या जागेच्या मर्यादेला येऊन टेकलं होतं. ही गेली की पुढची नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच जीपमध्ये म्हणाले, "पावसाळ्यात छपरी गळते जी आमची. कायमचं झालं तं कवेलू टाकतो म्हन्तो." मग बाहेर बघू लागले, जास्त बोलून गेल्यासारखे.

त्यांची काम करण्याची रीत मी पहिल्या आठवड्यात पाहिली आणि मला ती अजिबात आवडली नाही. वेळ फार जायचा. दारात गेले की फॉर्म काढत नसत. आधी पाणी मागत. कोणाचंही घर असो, कुठल्याही जातीचं, पाणी मागत आणि पीत. पाटलाच्या भावकीतल्या एकानं हटकलं, "कवडू, तू तं सारं गाव पिऊन राहिला गा." कवडूजी म्हणाले, "तुमच्या घरचंच तेवढं खारं लागलं, पाटील."

मला त्यांनी समजावलं होतं, "साहेब, पयले पानी मांगाचं, मंग नाव. पानी देल्लं की बाई नाव लपवत नाही."

घरात माणसं किती, असा माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न होता. तो विचारला की बायका दार लोटून घेत. पोरं मोजली तर नजर लागते. कवडूजी विचारत, "सयपाकाले किती ताटं लागतात वो बाई?" आणि खरा आकडा यायचा. पैसे कुणाकडून घेता, हे ते कधी विचारत नसत. "मागच्या लग्नात भात कोनाच्या भरोशावर शिजला?" असं विचारत आणि सावकाराचं नाव आपोआप बाहेर पडे. नाव लिहिण्याआधी ते तीनदा पुटपुटत. एकदा सगुणा नावाच्या बाईचं नाव सुगना लिहून आले होते. दुपारी ते लक्षात आलं, तर चार मैल परत चालत गेले. मी चिडलो. ते म्हणाले, "तिच्या नावावर काहीतरी येईन अन् ते दुसरीच घेऊन जाईन, मंग?"

नावं शाईनं लिहीत. स्वतःचं काही टिपायचं असेल तर समासात पेन्सिलीनं.

आता त्या सोळाव्या रकान्याबद्दल.

बायकांच्या फॉर्मवर मुंबईहून आलेल्या नमुन्यात दोन रकाने शेजारीशेजारी होते. सोळावा, पतीचे नाव. सतरावा, विवाहित की विधवा. फॉर्म लांब झाला होता आणि एका बाईची माहिती एका कार्डात बसायला हवी होती. कार्डात जागा मोजकी. नमुना आटोपशीर करायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन रात्री डोकं घातलं आणि सतरावा रकाना काढून टाकला. पतीचे नाव लिहिलेलं असेल तर विवाहित, रिकामं असेल तर विधवा. एका रकान्यात दोन्ही कामं. मुंबईनं माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. ते पत्र मी वडिलांना दाखवलं होतं.

रिकामा म्हणजे विधवा, हा नियम मुंबईच्या कार्ड पाडणाऱ्यांना कळवला. गावात फिरणाऱ्या माणसांना मी तो सांगितला नाही. त्यांना कशाला हवा, असं मला वाटलं. त्यांना मी वेगळाच नियम घालून दिला होता, आणि तो कडक होता. जे समोरच्या माणसानं स्वतः सांगितलं नाही, ते लिहायचं नाही. आधीच्या एका पाहणीत लोकांनी झाडाखाली बसून मनानं फॉर्म भरले होते. पहिल्याच दिवशी मी सहाही जणांना बजावलं, "तुम्हाला माहीत असलं तरी लिहायचं नाही. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे."

आमच्या भागात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा घेत नसे.

कवडूजींनी त्यावर वाट काढली होती. एका गावात एक म्हातारी नाव सांगेना. नवरा तिथेच खाटेवर बसलेला, ठार बहिरा. मी म्हणालो, त्यालाच विचारा. कवडूजी म्हणाले, "फारम बाईचा हाये ना जी? तुमीच म्हनलं, तिच्या तोंडून." मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "आजी, सरकारी कामाले नाव नोका देऊ. उखाना घ्या. उखान्याले कोनाची मनाई?"

गल्ली गोळा झाली. म्हातारी पदर तोंडावर घेऊन लाजली, भांडली, सुनांना हाकलून दिलं, पुन्हा बोलावलं. अर्धा तास गेला. मी जीपजवळ घड्याळ बघत उभा. शेवटी म्हणाली,

"तलावाच्या पाळीवर मोहाची सावली,
तुळशीरामाच्या नावासाठी गल्ली सारी धावली."

टाळ्या पडल्या. बहिरा तुळशीराम विचारत राहिला, "काय झालं? काय झालं गा?" कवडूजींनी नाव तीनदा पुटपुटून शाईनं लिहिलं.

काही बायका कोड्यात सांगत. एकीनं सांगितलं, "शनवारच्या आंगोदरचा." कवडूजी म्हणाले, "सुकरू." ती हसली, मान हलवली, तेव्हाच त्यांनी लिहिलं. असं एकेक नाव. सहा माणसांत सर्वांत कमी फॉर्म त्यांचे होते, आणि मी त्यांना त्यावरून सगळ्यांसमोर बोललो.

ज्या गावात ते घडलं त्याचं नाव लिहीत नाही. तलावाच्या काठचं, धानाचं गाव. तिथले बरेच पुरुष चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि आठवड्यातून एकदा घरी येत. म्हणून दुपारी घरात बायकाच. यशोदा नावाची मुलगी होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासू अंगणात बसून सगळं ऐकत होती. सासूसमोर यशोदा ना नाव घेईना, ना उखाणा, ना कोडं. नुसती मान खाली. कवडूजींनी फॉर्म तसाच ठेवला आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'नाव घेत नाही. परत जाणे.' त्या गावात असे आठ फॉर्म झाले.

त्या आठवड्यात मुंबईहून तार आली. फॉर्म ताबडतोब पाठवा. मी गठ्ठे बांधत होतो तेव्हा कवडूजी आले.

"साहेब, चार दिवस द्या. आठ घरं राह्यली."

"कसली?"

"सोळावा रकाना. नवऱ्याचं नाव."

"तुम्हाला माहीत नाही नावं?"

"मले सारी माहीत हायेत जी. यशोदाचा मनिराम, त्याच्या बापाले मी वळखतो. पन तिनं नाही सांगतलं. बुधवारी मनिराम येते, सासू बाजाराले जाते, तवा सांगन ती."

मी हातातला फॉर्म पाहिला. सोळावा रिकामा. रिकामा म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. त्या क्षणी ते मला आठवलं. नाही आठवलं असं मी स्वतःलाही पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, पण आठवलं होतं. मनात आलं, शेकडो फॉर्मांत आठ. काय बिघडतं? "लिहून टाका" म्हणालो असतो तर माझाच नियम मोडला असता. चार दिवस दिले असते तर मुंबईला उशीर झाला असता. मी म्हणालो, "राहू द्या. रिकामा चालतो."

"चालते?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो, चालतो."

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म एकदा पाहिला. मग म्हणाले, "तुमी म्हन्ता तं चालत असन," आणि गेले.

उन्हाळ्यात यादी आली. यंत्राला मराठी अक्षरं कळत नव्हती, ते नुसते घरांचे क्रमांक पाठवायचं. त्यांवरून, परत आलेले फॉर्म बघून, भंडाऱ्याच्या कचेरीत नावं टाईप झाली. विधवा बायकांसाठी दुभत्या जनावराच्या कर्जाची योजना होती, सवलतीची. त्या गावच्या यादीत अकरा नावं होती. एवढ्याशा गावात अकरा विधवा, मला खटकलं. मी सही केली.

ग्रामपंचायतीच्या पटांगणात मांडव घातला. मॅनेजर आले, तालुक्याचे साहेब आले, आणि बँकेनं पहिल्यांदाच या गावातल्या बायकांना नावानिशी कर्ज मंजूर केलं म्हणून नारळ फुटला. बायका एका बाजूला खाली बसल्या होत्या. मॅनेजरांना वाटलं, ज्यानं घरं फिरून नावं आणली त्यालाच वाचायचा मान द्यावा. कवडूजींनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं, "विधवा लाभार्थी."

पहिली तीन नावं खऱ्या विधवांची होती. त्या उठल्या, लाजत पुढे येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या नावाशी कवडूजी थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या या बाजूला, मॅनेजरांच्या शेजारी. त्यांना काय दिसलं ते मला तिथूनच कळलं. एक शब्द बोललो असतो, कागद मागून घेतला असता, पाणी प्या म्हणालो असतो, काहीही केलं असतं तरी चाललं असतं. तालुक्याचे साहेब घड्याळ बघत होते.

"थांबू नका," मी म्हणालो. "वाचा."

"साहेब, हे…"

"वाचा, लांजेवार."

त्यांनी वाचलं. "यशोदा. घर नंबर एकेचाळीस."

बायकांच्या बाजूला हालचाल होत होती ती थांबली. यशोदा बसल्या जागी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली, बांगड्या झाकून. तिची सासू उठली. हळूहळू चालत टेबलापर्यंत आली. माझ्याकडे किंवा मॅनेजरांकडे तिनं पाहिलंच नाही. कवडूजींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कवडू, माह्या घरचं पानी पेला ना गा तू?"

कवडूजींनी कागदाची घडी केली आणि खाली बसले. कार्यक्रम तिथेच आटोपला. गडबडीत ती यादी नियमाप्रमाणे पंचायतीच्या फळ्यावर डकवली गेली, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी उरलेली सात नावं वाचली.

चूक दुरुस्त करायला पंधरा दिवस लागले. दुरुस्तीचा कागद कोणी बघायला आलं नाही.

मग पावसाळा लागला. रोवणीचे दिवस. मनिराम सुट्टी काढून शेतीच्या कामाला घरी आला होता. धानाच्या बांधीत पऱ्ह्यांची, रोपांची, जुडी उचलताना त्याच्या हाताला साप चावला. तुमसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

आमच्याकडे पावसाळ्यात साप चावून माणसं जातात. दर वर्षी जातात. मी हे शिकलेल्या माणसासारखं स्वतःला सांगत होतो. दसऱ्याच्या सुमारास त्या आठ नावांपैकी आणखी एका बाईचा नवरा तापानं गेला. त्या दिवशी कचेरीत बसून मी उरलेली सहा नावं मनातल्या मनात मोजली. मोजली हे खरं. आणि पुढची दोन वर्षं, त्या गावाकडून कोणी आलं की मी आधी त्याचा चेहरा पाहायचो.

गावानं मोजायचं कारण नव्हतं. गावाला माहीत होतं. कवडूनं घरात येऊन बाईला नवऱ्याचं नाव विचारलं, तिनं दिलं नाही, म्हणून त्यानं कागदावर नवरा मारला आणि चारचौघांत तोंडानं वाचून दाखवला.

मनिरामच्या तेराव्यानंतर मी आणि मॅनेजर यशोदाकडे गेलो. आता ती खरोखरच योजनेत बसत होती. मॅनेजर भला माणूस होता, तिला जनावर मिळावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं सांगितलं की अर्ज करायचीही गरज नाही, लगेच मंजूर करतो.

ती दाराआड उभी होती. म्हणाली, "मंजूर तं पयलेच केलं होतं ना जी तुमी. तवा ते जिते होते."

त्या गावातलं एकही बाईमाणूस पुढे कित्येक वर्षं आमच्या शाखेची पायरी चढलं नाही. ज्या घरांना कागदावर आणायला आम्ही निघालो होतो, ती घरं कागदाच्या नावानंच कडी लावू लागली.

चौकशीला मुंबईहून एक साहेब आले. सभ्य, शांत. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "हे कसं झालं?" मी म्हणालो, "प्रगणकानं सोळावा रकाना रिकामा ठेवला होता." त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी लिहून घेतलं. त्या वेळी ते आठ फॉर्म माझ्या मागच्या लोखंडी कपाटात होते, समासातल्या पेन्सिलीच्या अक्षरासकट. 'नाव घेत नाही. परत जाणे.' किल्ली माझ्या खिशात होती. साहेबांनी फॉर्म मागितले नाहीत आणि मी दिले नाहीत. पुढे मुदत संपली तेव्हा जुन्या कागदांबरोबर ते रद्दीत गेले. त्या रद्दीच्या यादीवरही माझीच सही आहे.

कवडूजींना बोलावून विचारलं तेव्हा मी खोलीत होतो. साहेब म्हणाले, "रिकाम्या रकान्याचा अर्थ विधवा होतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" कवडूजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं बघतील. "साहेबांनी सांगतलं होतं, रिकामा चालतो," असं म्हणतील. ते म्हणाले, "माह्या ध्यानात नाही आलं जी." शिपायाची जागा दुसऱ्याला मिळाली. मला दीड वर्षानं बढती मिळाली आणि माझी बदली झाली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी साकोलीला कामाला आलो होतो. तिथे ओळखीच्या एकानं सांगितलं की कवडूजी त्याच बाजूच्या एका गावात बायकोच्या माहेरी येऊन राहिलेत. आपल्या गावात त्यांना राहवेना. तिकडे हळदीला बोलावत नाहीत, बारशाला बोलावत नाहीत. कोणी वाईट बोलत नाही, मारझोड नाही, काही नाही. फक्त ते समोर आले की माणसं आपसात एकमेकांना नावानं हाक मारायची थांबतात.

मी एक वाक्य तयार केलं. "कवडूजी, तो रकाना मी काढला होता, आणि रिकामा म्हणजे काय हे मला माहीत होतं." बसमध्ये ते मी पाठ करत गेलो.

ते तलावाच्या पाळीवर मासे धरणाऱ्यांची जाळी सांधत बसले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. अंगावर खाकी नव्हतं. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले, घाईनं जाळं बाजूला करून जागा केली. मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. शाखा मोठी झाली का, मॅनेजर कुठे असतात, माझी मुलं किती. ते मुलांची संख्या विचारून गेले आणि लगेच म्हणाले, "नोका सांगू जी. असंच विचारलं."

समोरून एक लहान मुलगी बकरी हाकत चालली होती. कवडूजींनी सवयीनं हाक दिली, "काय वो बेटा, नाव काय तुहं?" ती थबकली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बकरीला ओढत पळाली. दुरून ओरडली, "माय म्हन्ते, तुमाले नाही सांगाचं!"

"इथंही पोचलं म्हनाचं," कवडूजी म्हणाले. हसल्यासारखं केलं त्यांनी.

मी म्हणालो, "कवडूजी."

"हो जी."

"तो सोळावा रकाना…"

ते एकदम ताठ झाले. हातातली सुई त्यांनी जमिनीवर ठेवली. मी बोलायचा थांबलो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चौकशीच्या खोलीत पाहिलं होतं. त्यांना वाटलं, मी हिशेब मागायला आलो आहे.

"साहेब, चुकलं जी माह्याच्यानं," ते म्हणाले. "मले माहीत होतं मनिरामचं नाव. लिहून टाकलं अस्तं तं तुमचा नियम मोडला अस्ता, पन पोराचं नाव तं राह्यलं अस्तं. तुमालेही तरास झाला माह्यापायी, मुंबईवाल्यांसमोर खाली पाहा लागलं. लय वर्सं झाली, तुमाले भेटून सांगाचं होतं. माफ करा."

आणि ते वाकले. माझ्या पायाला हात लावण्यासाठी वाकले. मी त्यांचे खांदे धरून त्यांना वर उठवलं. माझं वाक्य तोंडात तयार होतं, एकेक शब्द. ते माझ्याकडे बघत उभे होते, ओल्या डोळ्यांनी, मोठ्या साहेबाकडून काहीतरी ऐकायची वाट बघत.

मी म्हणालो, "असू द्या, कवडूजी. झालं ते झालं. मी काही मनात ठेवलेलं नाही."